प्रवर समितीच्या सचिवाची वही: लोकपाल सिम्युलेशनच्या नोंदी

८ जानेवारी, गुरुवार

आज चिठ्ठ्या टाकून रोल वाटले. मला सचिव मिळालं. म्हणजे भाषण नाही, मत नाही, गटबाजी नाही, फक्त मसुदा सांभाळायचा, इतिवृत्त लिहायचं आणि कोण किती उशिरा आलं ते हजेरीत टाकायचं. खरं सांगायचं तर मला विरोधी पक्षनेता व्हायचं होतं, सुट्टीत त्यासाठी वाचूनपण आले होते, पण चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी.

प्रकल्प असा आहे. एमए राज्यशास्त्राचा आमचा वर्ग म्हणजे राज्यसभेची प्रवर समिती (विधेयक कलमवार तपासायला सभागृहाने नेमलेली), सदस्य पंधरा, समोर लोकपाल विधेयक (लोकपाल म्हणजे केंद्रातल्या मंत्री-अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र संस्था), आणि सरांनी घड्याळ मे २०१२ ला थांबवलंय. म्हणजे लोकसभेने २७ डिसेंबर २०११ ला विधेयक मंजूर केलेलं आहे, २९ डिसेंबरला राज्यसभेत मध्यरात्रीपर्यंत गोंधळ होऊन मतदानाशिवायच सभागृह उठलंय, आणि २१ मे ला हे घोंगडं प्रवर समितीकडे आलंय. त्याच्या पुढचं कुणालाच "माहीत नाही". पुढचा निकाल, पुढचा कायदा, पुढची निवडणूक यातलं काही कुणी बोललं की त्या सदस्याचा बोलायचा वेळ कापायचा, आणि हे घड्याळ लावून बघायचं काम अर्थातच सचिवाचं.

खऱ्या पक्षांची नावं घ्यायची नाहीत. सर म्हणाले नाहीतर वर्गात खरीच निवडणूक सुरू होईल. मग सत्ताधारी सहा, मित्रगट दोन, प्रमुख विरोधी चार, प्रादेशिक दोन आणि एक अपक्ष. अध्यक्ष सत्ताधाऱ्यांचा. प्रत्येकाला एक बंद पाकीट मिळालंय, आत कार्ड, त्यावर त्याचा खासगी हेतू लिहिलेला, तो कुणालाच दाखवायचा नाही. सहा आणि दोन आठ, म्हणजे बहुमत एका मताचं, म्हणजे मित्रगटाचे ते दोघं पुढचा महिनाभर वर्गात राजासारखे फिरणार हे आजच दिसलं.

१३ जानेवारी, मंगळवार

पहिली बैठक. पूर्ण वाया.

पंधरापैकी बारा जणांनी भ्रष्टाचार वाईट आहे असं भाषण केलं. पन्नास मिनिटं. कुणीतरी कीड म्हणालं, कुणीतरी वाळवी, प्रादेशिकवाल्याने कर्करोग म्हटलं. इतिवृत्तात मी एका ओळीत संपवलं: "सदस्यांनी भ्रष्टाचाराबद्दल चिंता व्यक्त केली." अध्यक्ष म्हणाला अगं एवढंच? म्हटलं एवढंच झालं.

सरांनी शेवटी एकच प्रश्न विचारला. सगळ्यांनाच नको असलेली गोष्ट थांबवणारं विधेयक १९६८ पासून का लटकलंय? कुणाकडे उत्तर नव्हतं. मग मला काम लागलं, पुढच्या वेळेपर्यंत सदस्यांसाठी एक पानी टिपण.

१४ जानेवारी

टिपण तयार. इथे मुद्दे ठेवते, परत शोधायला नको.

मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये लोकपाल आणि लोकायुक्त (राज्यांसाठीचा तसाच लोकपाल) सुचवले. लोकपाल हा शब्द त्याआधी १९६३ मध्ये एल. एम. सिंघवींनी काढलेला. पहिलं विधेयक १९६८, लोकसभेने १९६९ ला मंजूरही केलं, पण राज्यसभेतून पुढे जायच्या आत लोकसभाच विसर्जित झाली आणि विधेयक गेलं. नंतर १९७१, १९७७, १९८५, १९८९, १९९६, १९९८, २००१. १९८५ चं सरकारनेच मागे घेतलं. गंमत म्हणजे २०११ च्या विधेयकावर ज्या स्थायी समितीने अहवाल दिला तिचे अध्यक्ष अभिषेक सिंघवी, म्हणजे शब्द वडिलांचा आणि अहवाल मुलाचा, आणि मधे जवळपास पन्नास वर्षं.

महाराष्ट्राने मात्र १९७१ लाच लोकायुक्त कायदा केला आणि लोकायुक्त नेमणारं पहिलं राज्य आपलंच. प्रादेशिकवाल्यांना हा मुद्दा फार आवडणार आहे, बघा.

१७ जानेवारी, शनिवार

जादा बैठक. आज पहिल्यांदा कलमं उघडली आणि वर्गाचा सूरच बदलला. भाषणं बंद. सगळ्यांच्या हातात पेन्सिली.

पंतप्रधान लोकपालाच्या कक्षेत घ्यायचे का, यावर दोन तास जातील असं वाटलं होतं, पंचवीस मिनिटांत संपलं. कारण मसुद्यातच तडजोड आहे: पंतप्रधान कक्षेत, पण आंतरराष्ट्रीय संबंध, अंतर्गत आणि बाह्य सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, अणुऊर्जा आणि अवकाश हे विषय सोडून, आणि चौकशी सुरू करायलाही पूर्ण पीठाच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती. विरोधी पक्षनेतीने विचारलं की सार्वजनिक सुव्यवस्था या दोन शब्दांत काय काय बसतं. सत्ताधाऱ्यांचा प्रतोद, म्हणजे पक्षाने ठरवलं तसंच मत पडेल हे बघणारा, म्हणाला, "जे बसवायचं ते." हे इतिवृत्तात घेऊ का विचारलं तर नको म्हणाला. मग इथे घेतलं.

प्रतोदाबद्दल एक. तो सगळ्यांना सांगत फिरतोय की मी पक्षादेश काढलाय. सरांनी त्याला शांतपणे सांगितलं की दहाव्या अनुसूचीतली, म्हणजे पक्षांतरबंदीतली, अपात्रता सभागृहातल्या मतदानासाठी आहे, समितीत कुणी तुझ्याविरुद्ध हात वर केला तर तू फक्त रागावू शकतोस. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानंतर त्याने आपल्या सहा जणांना वेगवेगळं गाठून बोलायला सुरुवात केली, जे बहुतेक त्याने आधीच करायला हवं होतं.

२० जानेवारी, मंगळवार

आजची नोंद छोटी, कारण घडलंच चाळीस सेकंदांत, पण मला झोपेपर्यंत तेच आठवत होतं.

मसुद्यात एक पोटकलम आहे की संसदेत खासदार जे बोलला किंवा त्याने जे मत दिलं त्याची चौकशी लोकपाल करणार नाही. राज्यघटनेच्या १०५ (२) चं संरक्षण आहे तेच इथे उतरवलंय. अध्यक्षाने वाचलं, काही हरकत? कुणीच नाही. बाजूने? पंधरा. विरोधात? शून्य. पुढचं कलम.

आतापर्यंतचं हे एकमेव एकमताने मंजूर झालेलं कलम. सत्ताधारी, विरोधी, प्रादेशिक, अपक्ष, सगळ्यांचे हात एकदम वर, आणि कुणाला त्यात काही विचित्रपण वाटलं नाही कारण रोल खासदाराचा आहे ना. मी एकटीच खासदार नाहीये.

बैठक संपल्यावर सरांना विचारलं. ते म्हणाले १९९३ च्या अविश्वास ठरावाचं प्रकरण वाच. वाचलं. सरकार वाचवायला खासदारांना पैसे दिल्याचा आरोप, आणि १९९८ ला सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला की ज्यांनी पैसे घेऊन सभागृहात मत दिलं त्यांना १०५ चं संरक्षण, आणि ज्याने पैसे घेऊन मतच दिलं नाही त्याला नाही. मी हे दोनदा वाचलं. म्हणजे लाच घेऊन काम इमानदारीत केलं तर सुटका. २०२४ च्या मार्चमध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने हा निकाल फिरवला, पण आमचं घड्याळ २०१२ मध्ये अडकलंय त्यामुळे समितीला हे सांगता येत नाही. सांगितलं असतं तरी हात वरच राहिले असते असं मला वाटतं.

२२ जानेवारी, गुरुवार

प्रादेशिकांचा दिवस. दोघंच आहेत पण आज त्यांनी मैदान मारलं.

लोकसभेने पाठवलेल्या मसुद्यात राज्यांच्या लोकायुक्तांचा पूर्ण भागच आहे, म्हणजे दिल्लीतून कायदा करून राज्यांना सांगणार लोकायुक्त कसा नेमायचा. सत्ताधाऱ्यांचं म्हणणं, भारताने संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार २०११ मध्ये अनुसमर्थित केलाय, कलम २५३ खाली आंतरराष्ट्रीय करारासाठी संसद राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते. प्रादेशिकवाली उठली आणि म्हणाली, "अध्यक्ष महोदय, आमच्या राज्यात १९७१ पासून लोकायुक्त कायदा आहे. तुमच्याकडे चव्वेचाळीस वर्षांत लोकपाल नाही. आणि तुम्ही आम्हाला शिकवणार?" टाळ्या पडल्या. समितीत टाळ्या वाजवायच्या नसतात, पण मी पण वाजवली.

माझं टिपण कामी आलं म्हणून बरं वाटलं, ते वेगळं.

तोडगा असा निघाला की तो भाग काढून टाकायचा आणि त्याजागी एकच कलम, प्रत्येक राज्याने ठरावीक मुदतीत स्वतःचा कायदा करावा. मुदत एक वर्ष. मुदत पाळली नाही तर काय, असं अपक्षाने विचारलं. तर काही नाही. मुदत लिहिली की सगळ्यांचं समाधान झालं. हा अपक्ष कमी बोलतो पण बोलतो तेव्हा कुठेतरी टोचतं.

२७ जानेवारी, मंगळवार

आजचं सविस्तर लिहिते कारण आज पहिल्यांदा खऱ्या वाटाघाटी झाल्या, आणि त्या बैठकीत नाही तर जिन्यात झाल्या.

विषय सीबीआय. लोकपालाकडे स्वतःचा तपास विभाग मोठा नसणार, म्हणजे मोठ्या प्रकरणांचा तपास सीबीआयच करणार. पण सीबीआय चालते १९४६ च्या दिल्ली विशेष पोलिस आस्थापना कायद्याखाली आणि बदल्या, बढत्या, पैसा सगळं सरकारच्या हातात. मग लोकपालाने सोपवलेल्या प्रकरणात तपास करणारा अधिकारी कुणाच्या तरी अंगाशी यायला लागला की त्याची बदली झालीच समजा. यावर विरोधकांची दुरुस्ती: "लोकपालांनी सोपवलेल्या प्रकरणाचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली लोकपालांच्या मान्यतेशिवाय करता येणार नाही." सत्ताधाऱ्यांची प्रतिदुरुस्ती: "लोकपालांचा सल्ला घेतल्याशिवाय".

मान्यता आणि सल्ला. दोन तास फक्त यावर. प्रतोद म्हणत होता की लोकपाल निवडून आलेला नाही, त्याला प्रशासनावर व्हेटो कशाला, उद्या एखादा अधिकारी तपासाच्या नावाखाली पाच वर्षं एकाच खुर्चीत बसून राहील आणि सरकार हात चोळत बसेल. हा मुद्दा अगदीच फालतू नाहीये, मी त्याला नाव ठेवणार होते पण ऐकल्यावर थोडं पटलं. विरोधी पक्षनेती म्हणाली सल्ला घेणं म्हणजे सकाळी पत्र पाठवायचं, दुपारी उत्तर यायचं, संध्याकाळी बदलीचा आदेश काढायचा, आणि तिन्ही कागद फाईलला नीट लावायचे. हेही खरंच.

मग अध्यक्षाने दहा मिनिटं तहकूब केलं आणि सगळे जिन्यात. मी वही घेऊन मागे गेले, सचिवाला कुणी हाकलत नाही, सचिव म्हणजे भिंतच. मित्रगटाचा एक जण विरोधी पक्षनेतीला म्हणाला की आम्ही मान्यतेला तयार आहोत पण खालच्या श्रेणीचे कर्मचारी थेट लोकपालाकडे नको, केंद्रीय दक्षता आयोगाकडे जाऊ देत. ती म्हणाली चालेल. पाच मिनिटांत. दोन तास आत जे झालं नाही ते जिन्यात उभ्या उभ्या झालं, एक पाय वरच्या पायरीवर आणि एक खालच्या. प्रतोद पाणी प्यायला गेला होता, परत आला तोपर्यंत त्याचं बहुमत गेलं होतं.

ठरलं: "मान्यतेशिवाय". मतदान गुरुवारी, छापील प्रतीवर.

२९ जानेवारी, गुरुवार

मतदान झालं. बदलीची दुरुस्ती पंधरा विरुद्ध शून्य. प्रतोदानेही हात वर केला याचं मला आश्चर्य वाटलं, म्हटलं हरल्यावर उदारपणा दाखवतोय.

३० जानेवारी

उदारपणा नव्हता.

रात्री साडेअकराला विरोधी पक्षनेतीचा मेसेज आला, एका कागदाचा फोटो आणि खाली फक्त प्रश्नचिन्ह. कागद म्हणजे मी काल वाटलेली छापील प्रत. त्यावर लिहिलंय, "लोकपालांचा सल्ला घेतल्याशिवाय".

मी डोकं धरून बसले. झालं असं की मसुद्याची सातवी आवृत्ती माझ्या लॅपटॉपवर होती, आठवी शेअर्ड डॉकमध्ये. मंगळवारी जिन्यातून आल्यावर मी आठवीत "मान्यतेशिवाय" केलं, मग गुरुवारी सकाळी प्रिंट काढताना घाईत लॅपटॉपवरची फाईल उघडली, तिचं नाव "मसुदा फायनल" आणि शेअर्डचं नाव "मसुदा फायनल नवा", आणि जे व्हायचं ते झालं. सातवीत प्रतोदाची प्रतिदुरुस्ती तशीच बसलेली. पंधरा जणांच्या हातात कागद होता, अध्यक्षाने "दुरुस्ती क्रमांक तीन, जशी वितरित केली आहे तशी" असं म्हटलं, आणि चौदा जणांनी न वाचता हात वर केला. पंधरावा प्रतोद. त्याने वाचलं होतं.

इथे लिहून ठेवते, फाईलला फायनल असं नाव आयुष्यात पुन्हा द्यायचं नाही. तारीख आणि आकडा, बस.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बैठक सुरू झाल्या झाल्या मी उभी राहून चूक कबूल केली. मला वाटलं सर म्हणतील ठीक आहे, दुरुस्त करून घ्या. सर म्हणाले मत छापलेल्या कागदावर पडलंय, काय ठरलं होतं याची नोंद इतिवृत्तात आहे का? नव्हती. जिन्यातल्या गोष्टी इतिवृत्तात नसतात. मग कलम मंजूर आहे, बदलायचं असेल तर समितीने बहुमताने पुन्हा उघडावं.

आणि सत्ताधारी कशाला उघडतील? आयतं मिळालंय.

विरोधी पक्षनेती प्रचंड चिडली. माझ्यावर नाही, म्हणजे माझ्यावरही, पण जास्त प्रतोदावर. सभात्यागाची धमकी दिली. तिच्याच गटातल्या एकाने तिला हळूच सांगितलं की समितीचा कोरम, म्हणजे गणपूर्ती, बैठकीला लागणारी किमान हजेरी, एक तृतीयांश आहे, पंधरातले पाच, आपण चौघं उठून गेलो तर ते अजून पटापट मंजूर करतील. बसली.

खरी अडचण मित्रगटाची झाली. त्यांनी जिन्यात शब्द दिलेला. ते म्हणाले आम्ही विरोधात जाणार नाही पण तटस्थ बसू, आणि ते दोघं तटस्थ बसले की सहा विरुद्ध सात. तेव्हा कुठे प्रतोद बोलायला तयार झाला. त्याची ऑफर अशी: सल्ला राहू दे, पण सरकारने सल्ला डावलला तर लेखी कारणं द्यावी लागतील, आणि वर तुम्हाला दुसरं काय हवं ते मागा.

विरोधी पक्षनेती पाच मिनिटं काही बोलली नाही. मग तिने निवड समितीचं पान उघडलं. लोकपाल कोण निवडतं तर पाच जण, पंतप्रधान, लोकसभा अध्यक्ष, लोकसभेतले विरोधी पक्षनेते, सरन्यायाधीश किंवा त्यांनी सुचवलेले न्यायमूर्ती, आणि एक नामवंत विधिज्ञ. त्याखाली एक पोटकलम, की समितीत जागा रिकामी असली एवढ्याच कारणाने नेमणूक अवैध ठरणार नाही. ती म्हणाली हे काढा. आणि त्याजागी हे परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, घाला, आणि हजेरीच्या कागदामागे तिने स्वतःच्या हाताने लिहून दिलं:

"परंतु असे की, विरोधी पक्षनेता उपस्थित असल्याखेरीज निवड समितीच्या बैठकीची गणपूर्ती झाली असल्याचे मानले जाणार नाही."

हिशेब तिचा चोख होता. आपल्याशिवाय लोकपालच नेमता आला नाही तर येणारा माणूस बरा येईल, आणि माणूस बरा असला की त्याच्या सल्ल्यालाही वजन येईल. मला तर हे मान्यतेपेक्षा भारी वाटलं. प्रतोदाने कागद बघितला, खांदे उडवले, घ्या म्हणाला. नंतर मला म्हणाला, "परंतुक आहे गं, त्याने काय होतंय."

अपक्षाने काहीतरी विचारलं पण तोवर सगळे उठून बोलत होते, मला ऐकू आलं नाही. इतिवृत्तात "गोंगाट" लिहिलं.

परंतुक मंजूर, तेरा विरुद्ध शून्य, प्रादेशिक दोघं कंटाळून बाहेर गेलेले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

खोट्या तक्रारीची शिक्षा. ऑगस्ट २०११ च्या पहिल्या मसुद्यात कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद होती, म्हणजे लाच घेणाऱ्याआधी तक्रार करणाराच घाबरावा. आमच्याकडच्या मसुद्यात ती एक वर्षापर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत आलीये. आम्ही "सद्भावनेने केलेल्या तक्रारीस हे लागू नाही" एवढं जोडलं. भांडण नाही झालं. सगळे थकलेत.

आता प्रत्येक प्रत मी मोठ्याने वाचते आणि मगच वाटते. वर्ग हसतो. हसू दे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

अहवाल स्वीकारला. नऊ विरुद्ध सहा, म्हणजे अपक्ष सत्ताधाऱ्यांबरोबर गेला, आणि त्याने कारण सांगितलं नाही. विरोधकांनी आणि प्रादेशिकांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. विरोधी पक्षनेतीची साडेतीन पानांची, त्यातली दोन पानं माझ्या प्रिंटवर, नाव न घेता "सचिवालयीन प्रमाद" असं म्हटलंय. प्रमाद! शब्द शोधायला तिला नक्की वेळ लागला असणार.

मग सरांनी सभागृहाचं मतदान एका फटक्यात घेतलं, राज्यसभा मंजूर, लोकसभा मंजूर, राष्ट्रपतींची संमती. केक नव्हता पण वातावरण तसंच होतं. मला वाटलं संपलं, इथे वही बंद करून जमा करायची. सर म्हणाले गुरुवारी या सगळे, एक फेरी उरलीये.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सरांनी फळ्यावर लिहिलं, मे २०१४. घड्याळ सुरू झालं.

निवडणूक झाली. लोकसभेच्या जागा ५४३. सगळ्यात मोठ्या विरोधी पक्षाला ४४. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेतेपदासाठी एकूण जागांच्या एक दशांश लागतात ही जुनी प्रथा, म्हणजे ५५. तेव्हा विरोधी पक्षनेता नाही. आता तुमच्या कायद्याप्रमाणे लोकपाल नेमा, वेळ तीस मिनिटं.

पहिली दोन मिनिटं कुणालाच कळलं नाही. मग विरोधी पक्षनेतीने हळूच आपलं परंतुक उघडलं आणि वाचत राहिली. विरोधी पक्षनेता उपस्थित असल्याखेरीज गणपूर्ती नाही. विरोधी पक्षनेताच नाही. म्हणजे बैठक नाही, म्हणजे निवड नाही, म्हणजे लोकपाल नाही, आणि रिक्त जागेचं पोटकलम आपणच काढून टाकलेलं. अपक्ष मागून म्हणाला, "मी हेच विचारलं होतं." कधी? "त्या दिवशी. विरोधी पक्षनेताच नसला तर काय. सचिवांनी गोंगाट लिहिलं."

लिहिलं होतं मी.

मग धावपळ. कुणीतरी म्हणालं दुरुस्ती आणू, विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा सभागृहातला नेता धरावा. चांगली दुरुस्ती, दोन ओळींची, मी तिथेच टाईप करून मोठ्याने वाचून दाखवली. सगळ्यांनी प्रतोदाकडे बघितलं, कारण विधेयक सरकारनेच आणायचं. तो खुर्चीत मागे टेकून बसला होता.

"आणू की," तो म्हणाला. "घाई काय आहे?"

उरलेली वीस मिनिटं विरोधी पक्षनेती त्याला समजावत होती, लोकलाज, वर्तमानपत्रं, न्यायालय, आंदोलन सगळं काढून झालं. तो प्रत्येकाला हो म्हणाला. विचाराधीन आहे. समितीकडे पाठवू. पुढच्या अधिवेशनात. एकदाही नाही म्हणाला नाही, आणि तीस मिनिटं संपली.

त्यानंतर सरांनी खरं काय झालं ते सांगितलं. खऱ्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती १ जानेवारी २०१४ ला मिळाली, १६ जानेवारीपासून लागू. त्यात बदलीसाठी लोकपालांची मान्यता आहे, सल्ला नाही, आणि रिक्त जागेचं ते पोटकलमही आहे. तरीसुद्धा विरोधी पक्षनेता नाही म्हणून नेमणूक अडली. व्याख्या बदलणारं दुरुस्ती विधेयक २०१४ च्या डिसेंबरमध्येच आलं आणि समितीकडे गेलं. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायदा आहे तसाही चालवता येतो, विरोधी पक्षनेत्याशिवाय नेमणूक होऊ शकते, थांबायचं कारण नाही. मग सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचे लोकसभेतले नेते मल्लिकार्जुन खर्गे यांना बैठकीला विशेष निमंत्रित म्हणून बोलावलं, ते गेले नाहीत, कारण निमंत्रिताला ना मत ना अधिकार. पहिले लोकपाल न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष नेमले गेले ते मार्च २०१९ मध्ये. म्हणजे संमती मिळाल्यापासून पाच वर्षांच्या वर.

प्रतोद एकदम सरळ बसला. "म्हणजे मी बरोबर खेळलो?" सर म्हणाले मी मार्क अजून दिलेले नाहीत.

१४ फेब्रुवारी, शनिवार

फाईल जमा करायच्या आधीची शेवटची आवराआवर. आज सगळ्यांची पाकिटं उघडली.

मित्रगटातल्या एकाच्या कार्डावर होतं की त्याच्या भावाची बदली सरकारच्या हातात आहे, तरी त्याने जिन्यात मान्यतेला हो म्हटलं होतं, त्यामुळे त्याचे मार्क बहुतेक जाणार आणि माझा त्याच्याबद्दलचा आदर वाढला. अपक्षाच्या कार्डावर फक्त एवढंच की तुला पुढच्या वेळी सत्ताधाऱ्यांकडून उमेदवारी हवी आहे. म्हणून तो नववा हात. प्रादेशिकवालीच्या राज्यातले लोकायुक्त तिच्याच पक्षाच्या मंत्र्याची चौकशी करत होते, आणि ती त्या टाळ्यांच्या भाषणात १९७१ चा अभिमान सांगत होती. प्रतोदाचं कार्ड सगळ्यात साधं: कायदा झाला पाहिजे, लोकपाल झाला नाही तरी चालेल.

आवृत्त्या एकूण चौदा. सातवी आणि आठवी शेजारी शेजारी उघडून फरक बघितला, पूर्ण मसुद्यात एका शब्दाचा. दोन्ही जोडल्यात, नावं बदलून, तारखेसकट.

विरोधी पक्षनेती निघताना माझ्या टेबलाशी थांबली. म्हणाली आता तरी सांग, तुझ्या कार्डावर काय होतं? म्हटलं सचिवाला कार्ड नव्हतं. ती हसली आणि म्हणाली, अगं आता उघडलीत सगळ्यांची, आता काय लपवायचं. म्हटलं खरंच नव्हतं. तिने माझ्या दप्तराकडे बघितलं, मग सरांच्या टेबलावरच्या रिकाम्या पाकिटांच्या गठ्ठ्याकडे, आणि पाकिटं मोजायला लागली.